काइंडली म्हटलं की कोणी हलत नाही

माझा क्लास बंद होऊन काही वर्षं झाली, पण ही बातमी अजून कोणाला पटलेली नाही. खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, एका इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत असे. जागा सोडली, बाकं देऊन टाकली, फळाही गेला. फोन नंबर तेवढा तोच ठेवला आणि तिथेच फसले. सकाळी चहाचा कप ओठाला लावते न लावते तोच मेसेज येतो. ‘मॅडम अर्जंट, डिड केम की डिड कम?’ पाठोपाठ दुसरा, ‘बाई, डिअर सर लिहू की रिस्पेक्टेड सर?’ तिसऱ्याला दुपारी इंटरव्ह्यू असतो आणि ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला ‘मायसेल्फ प्रकाश’ म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं, हे त्याला आत्ताच्या आत्ता हवं असतं. आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणतात, “घे, एकशे आठला कॉल आला.”

ते हसण्यावारी नेतात, मला नाही जमत. मी जन्माची काळजीखोर. मेसेज वाजला की मी हातातलं टाकून चष्मा शोधते, कारण त्या टोकाला घाम फुटलेला माणूस असणार हे मला ठाऊक असतं. पस्तिशी-चाळिशीतला माणूस इंग्रजीच्या क्लासला येतो तो हौसेने येत नाही हो. कोणीतरी कुठेतरी त्याला हसलेलं असतं. ऑफिसात, मुलाच्या शाळेत, बायकोच्या माहेरी. ते हसू तो खिशात घालून माझ्याकडे येई आणि पहिल्या दिवशी मागच्या बाकावर दाराजवळ बसे, म्हणजे वेळ पडली तर पळता यावं.

लोकांना वाटतं, इंग्रजी शिकवायचं म्हणजे ग्रामर. कसलं ग्रामर! ग्रामर पुस्तकात असतं, ते वाचून कोणीही शिकेल. खरं काम भीती काढायचं. ‘द’ कुठे लावायचा आणि कुठे नाही, हा प्रश्न मला जितक्यांनी विचारला त्यातल्या निम्म्यांना ‘द’शी काही देणंघेणं नव्हतं. चुकलं तर समोरचा काय म्हणेल, एवढीच धास्ती होती. म्हणून माझी एक पद्धत होती. कोणी वाक्य घेऊन आला की मी कागद उलटा ठेवायचे आणि म्हणायचे, “आधी मराठीत सांग. तुला म्हणायचंय काय?” निम्मे लोक तिथेच अडकत. काय म्हणायचंय हेच ठरलेलं नसे, आणि दोष मात्र बिचाऱ्या इंग्रजीला.

दुसरी अडचण आपल्या लोकांची खास आहे. आपल्याकडे लिहायचं म्हणजे अर्ज करायचा. शाळेत आपण पहिलं काय लिहिलं? रजेचा अर्ज. सविनय सादर, विनंती विशेष, कृपा व्हावी. तो अर्ज आपल्या अंगात इतका मुरलाय की माणूस तक्रार लिहायला बसला तरी अर्ज लिहितो, राजीनामा लिहिला तरी अर्ज. मग इंग्रजीतही तेच. आय बेग टु स्टेट, काइंडली डू द नीडफुल, ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स, थँकिंग यू इन अँटिसिपेशन. मीही ते छान घोटवून घ्यायचे. त्या वाक्यांनी माझ्या मुलांना आधार मिळायचा. चाळिशीच्या माणसांनाही मी मुलंच म्हणते, सवय आहे.

डेपोतले एक कंडक्टर होते, तुपे नावाचे. भरदार मिशा, आवाज असा की खाली इस्त्रीवाल्याला ऐकू जावा. नवीन वातानुकूलित गाडीवर ड्युटी लागली आणि त्यांचं धाबं दणाणलं. पहिल्याच दिवशी मला विचारतात, “बाई, ‘पुढे सरका’ला इंग्रजीत रागावून काय म्हणतात?”

मी म्हटलं, “रागावून कशाला? काइंडली मूव्ह फॉरवर्ड म्हणा.”

त्यांनी ते घरी आरशासमोर पाठ केलं. चार दिवसांनी आले ते तोंड पाडून. “बाई, तुमचं ते काइंडली काढून टाका. काइंडली म्हटलं की कोणी हलतच नाही. माझ्याकडे बघून हसतात आणि परत मोबाइलमध्ये डोकं.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? ‘ओ, सरका की पुढं!’ म्हटलं. सगळी गाडी सरकली.”

वर्ग खो-खो हसला, मीही हसले. मी त्यांना सांगितलं, तुपे, आपण सभ्य भाषा शिकतोय. त्यांना काही ते पटलं नाही.

गमती खूप. टिटवाळ्याचे एक गृहस्थ मुलीचा बायोडेटा घेऊन आलेले, त्यात ‘होमली’ घालायचंच असा हट्ट. मी म्हटलं, अहो, काही देशांत होमली म्हणजे दिसायला बेताची, आणि स्थळ तर तुम्ही परदेशातलं बघताय. ते इतके घाबरले की तोवर ज्यांना ज्यांना बायोडेटा पाठवला होता त्या सगळ्यांना तिथूनच फोन लावत बसले. मुलगी शेजारी बसून हसत होती. बाहेर पडताना हळूच मला म्हणाली, “काकू, राहू द्यायचा होता तो शब्द. दोन स्थळं आपोआप गळाली असती.”

आणखी एकाच्या मुलाच्या शाळेच्या डायरीत बाईंनी लिहिलेलं, युवर वॉर्ड इज व्हेरी नॉटी, म्हणजे तुमचा पाल्य फार खोडकर आहे. हे गृहस्थ डायरी आपटून म्हणाले, “आमच्या वॉर्डाचं मला काय विचारता, नगरसेवकाला विचारा!”

तर अशी माणसं. त्यांचे कागद येत, नोकरीचे, सोडचिठ्ठीचे, भावाभावांच्या भांडणाचे. मी एक पथ्य कडक पाळलं. भाषा बघायची, मजकुरात नाक खुपसायचं नाही. धोब्याने कपडे धुवावेत, खिसे चाचपू नयेत. माझ्या या पथ्याचा मला अभिमान होता. लोक मोकळेपणाने येत ते त्यामुळेच.

आता नीलेशचं सांगते. ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले तो हाच.

नीलेश कोलशेतचा, तिथलाच मूळचा. आजोबांची भातशेती आणि खाडीला मिठागर. जमीन गेली, तिच्यावर टॉवर उभे राहिले, आणि त्यातल्याच एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये नीलेश मॅनेजर म्हणून लागला. पाणी, वीज, वॉचमन, लिफ्ट, कचरा, सगळं त्याच्याकडे. हुशार मुलगा. पंप नुसता आवाजावरून ओळखायचा. पण तिथला कारभार सगळा ई-मेलवर आणि इंग्रजीत. एकदा याने रहिवाशांच्या ग्रुपवर पाणी येणार नाही असा मेसेज टाकला. त्यातल्या चुकांना लाल गोल करून कोणीतरी तो परत ग्रुपवरच टाकला. खाली पन्नास हसरे चेहरे. तो माझ्याकडे आला तेव्हा ते चित्र त्याच्या फोनमध्ये होतं. पुसत नव्हता. मी म्हटलं, “अरे, काढून टाक ते.” म्हणाला, “नको मॅडम. राहू दे. लक्षात राहतं.”

तेव्हापासून त्याने एक ओळ मला दाखवल्याशिवाय कमिटीला पाठवली नाही. क्लास बंद झाला तरी नाही. त्याची आई, हिराबाई, त्याच कॉम्प्लेक्समध्ये भाजी विकते. शेताचा एक तुकडा उरलाय त्यातली मेथी, माठ, मुळा. टोपली डोक्यावर घेऊन ती मजल्यामजल्यावर फिरते. नीलेश मॅनेजर झाल्यावर तिला म्हणाला होता, आता बंद कर. ती म्हणाली, तू तुजा काम कर, मी माजा करतंय.

यंदाच्याच हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी मी मटार सोलत बसले होते. नीलेशचा मेसेज आला, कमिटीला पाठवायचा मेल, नेहमीसारखा. ‘मॅडम, बघून घ्या ना.’ मी चष्मा लावून वाचला आणि काय सांगू, ऊर भरून आला. एक चूक नाही! सुरुवातीला विथ ड्यू रिस्पेक्ट. मग इट हॅज बीन ऑब्झर्व्ड असं झोकदार वाक्य. बी विंगच्या सर्व्हिस लिफ्टचं दार कधीकधी लिफ्ट नसतानाही उघडतं असं निदर्शनास आलं असून, सन्माननीय कमिटीने आपल्या सवडीने या बाबीकडे काइंडली लक्ष द्यावं. शेवटी आगाऊ आभार. मागच्या बाकावर बसणारं माझं पोर काय लिहायला लागलंय! मी ‘वा! उत्तम’ लिहिलं, वर एक अंगठा पाठवला आणि मटार सोलायला लागले.

थोडा वेळ गेला. हे म्हणाले, “कोण होतं?” मी कौतुकाने सांगायला लागले, “नीलेश. काय सुंदर मेल लिहिलाय! त्यांच्या त्या बी विंगच्या लिफ्टचं दार…”

आणि मराठीत सांगताना माझी जीभ थांबली.

दार उघडतं. लिफ्ट नसते.

मग दाराच्या पलीकडे काय असतं?

खरंच सांगते, मटाराची शेंग बोटात तशीच राहिली. मी परत मेल वाचला. त्यात सगळं होतं, आदर होता, विनंती होती, आभार होते. तिथून माणूस पडेल, हे कुठेच नव्हतं. म्हणजे होतं, पण इतक्या गाद्या-उशांखाली की वाचणाऱ्याला टोचू नये. मला टोचलं नाही, तर कमिटीला काय टोचणार?

मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. एंगेज. आमचे हे म्हणाले, “अगं, कामात असेल.” मी त्यांच्यावरच ओरडले. तिसऱ्यांदा उचलला.

“मॅडम, पाठवला मेल. रिप्लाय पण आला!” आवाजात उकळ्या फुटत होत्या.

“काय रिप्लाय?”

“नोटेड. पुढच्या मीटिंगला घेऊ म्हणाले. मॅडम, एक पण मिस्टेक काढली नाय त्यांनी.”

“नीलेश, ती लिफ्ट आत्ता चालू आहे का?”

“चालूच आहे ना. दार आहे हाताने ओढायचं, जुन्या टाइपचं. लिफ्ट समोर नसली तर ते लॉक राहायला पाहिजे. मजल्यामजल्यावरची लॉकं घासलीत. परवा मी चेक करायला गेलेलो, तर सहाव्यावर सरळ उघडलं. लिफ्ट होती खाली.”

“मग बंद कर ना!”

“मी कशी बंद करू मॅडम? परमिशन लागते. मागे एकदा मोटर बंद केलेली न विचारता, तर केवढं ऐकवलं मला ग्रुपवर. सर्व्हिस लिफ्ट आहे ही, मेंबर लोक नाय वापरत. फक्त कामवाल्या, दूधवाला, कुरियरवाले…”

तो बोलत होता आणि मला दिसायला लागलं होतं. डोक्यावर टोपली असली की माणसाला खाली बघता येत नाही. एक हात टोपलीला, एका हाताने दार ओढायचं आणि सवयीने पाय टाकायचा.

“नीलेश,” मी म्हटलं, “आई कुठे आहे तुझी?”

तेवढ्यात कोणीतरी त्याला हाक मारली, बहुतेक टँकरवाला, आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना.

मी चप्पल घातली. अंगावर घरातला गाऊन होता, त्यावर ओढणी घेतली आणि खाली जाऊन रिक्षा पकडली. हे मागून ओरडत होते, “अगं, मी पोलिसांना फोन करू का? अगं, निदान पर्स तरी!” पर्स त्यांनी गॅलरीतून टाकली.

खोपटहून कोलशेत म्हणजे काही काशी नाही. पण कापूरबावडीला मेट्रोच्या कामाने जो जीव टांगणीला लागला! रिक्षावाल्याला मी म्हटलं, “दादा, काइंडली जरा…” आणि मलाच माझी शिसारी आली. “चल रे बाबा लवकर!” मी किंचाळले. त्याने दचकून आरशात बघितलं आणि रिक्षा फुटपाथवरून काढली. मी वाटभर नीलेशला फोन लावत होते आणि देवाला नको नको ते बोलत होते. काय काय मनात आलं ते लिहिवत नाही.

गेटवर वॉचमन. “मॅडम, किधर जाना है? ॲप पे एंट्री करना पडेगा. फ्लॅट से अप्रूव्हल आएगा.” मी म्हटलं, मला फ्लॅटमध्ये जायचं नाही, तुमच्या साहेबाला बोलव. तो म्हणे, साब बिझी हैं. मी सरळ गेटचा दांडा वर केला आणि आत शिरले. माझ्या वयाची, गाऊन घातलेली बाई पळत सुटल्यावर तिला अडवायचं कसं हे त्याच्या ट्रेनिंगमध्ये नसावं.

नीलेश टँकरजवळ सापडला. मला बघून त्याचं तोंड उघडं पडलं. “मॅडम, तुम्ही?”

“आई कुठे आहे?”

“बी विंगला. वरून खाली येते ती विकत. का?” आणि हे ‘का’ विचारतानाच त्याचा चेहरा बदलला. इतका वेळ त्याच्या डोक्यात मेल होता, कमिटी होती, चूक निघाली नाही हे होतं. आई तिथे नव्हती. आत्ता आली.

तो धावला. मी मागून. मेंबरांच्या चकचकीत लिफ्टमध्ये घुसलो तर त्याला बटण दाबता येईना. “नववा,” तो म्हणाला. “आत्ता नवव्यावर असेल. नवव्यावरच्या आजी रोज घेतात तिच्याकडून.” मी दाबलं. ती लिफ्ट अशी सावकाश वर चालली, त्यात आतमध्ये गाणं वाजत होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

नवव्यावर दार उघडलं. समोरच्या कोपऱ्यात हिराबाई उभी. चुंबळ डोक्यावर ठेवून झाली होती, टोपली चढवली होती, एक हात वर टोपलीला. दुसरा हात सर्व्हिस लिफ्टच्या दाराच्या दांडीवर.

“आय! थांब!”

असा आवाज मी त्या मुलाचा कधी ऐकला नव्हता. ती दचकली, टोपली कलली, मेथीच्या दोन जुड्या खाली पडल्या. हात दांडीवरच.

“कं झाला रं? वरडतंस कशाला?”

नीलेशने तिचा हात दांडीवरून सोडवला, तिला मागे केलं, आणि स्वतः दांडी ओढली. दार सहज उघडलं. कपाटाचं उघडावं तसं. आत काही नव्हतं. काळोख, ग्रीसचा वास आणि खालून वर येणारी गार हवा. खूप खाली कुठेतरी माणसं बोलल्याचा आवाज.

हिराबाईने आत वाकून बघितलं. मग टोपली उतरवली, जिन्याच्या पायरीवर बसली आणि पडलेल्या जुड्या उचलून पदराने पुसायला लागली. बराच वेळ त्याच पुसत होती. मीही तिच्या शेजारी बसले. नीलेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

मग त्याने काम केलं. कोणाला विचारलं नाही. लिफ्ट बंद केली, वॉचमनना बोलावलं आणि प्रत्येक मजल्यावरचं दार सुंभाने बांधून टाकलं. पुठ्ठ्याच्या पाट्या करायला बसला तेव्हा सवयीने माझ्याकडे वळला. “मॅडम, काय लिहू?” मी म्हटलं, “तुझ्या आईला काय ओरडलास?” त्याने मोठ्या अक्षरांत ‘थांब’ लिहिलं. खाली हिंदीत ‘रुको’ आणि इंग्रजीत ‘स्टॉप’.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण संध्याकाळपर्यंत ग्रुप पेटला. कामवाल्या उशिरा आल्या, दूध जिन्यातून आणावं लागलं, डिलिव्हरीवाले आमच्या लिफ्टमध्ये घुसतात म्हणजे काय. आणि दुसऱ्या दिवशी नीलेशला कमिटीची नोटीस. विनापरवानगी सेवा बंद केल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, लेखी खुलासा द्या.

तो नोटीस घेऊन माझ्या घरी आला. रात्रभर झोपला नसावा. दोन मुली आहेत त्याच्या, बायको घरीच असते. फोनमध्ये मसुदा तयार होता. मी वाचला. विथ ड्यू रिस्पेक्ट. आय डीपली रिग्रेट द इन्कन्व्हिनियन्स कॉज्ड. आय काइंडली रिक्वेस्ट. पुन्हा तोच अर्ज. जीव वाचवल्याची माफी मागत होता पोरगा.

मी फोन उलटा ठेवला. “आधी मराठीत सांग. तुला म्हणायचंय काय?”

आमच्या ह्यांनी चहा आणून ठेवला, तो निवला. मग नीलेश म्हणाला, “मॅडम, माझी आई मेली असती.”

“हेच लिही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“सुरुवातीला रिस्पेक्टेड सर तरी?”

“सर लिही. पुरे.”

“आणि शेवटी थँकिंग यू?”

“कशाबद्दल रे? कशाबद्दल थँक्यू?” मी एवढ्या जोरात बोलले की हे स्वयंपाकघरातून डोकावले.

त्याने लिहिलं. दार उघडतं, लिफ्ट नसते. दारावर माझ्या आईचा हात होता. मी लिफ्ट बंद केली. दुरुस्त होईपर्यंत मी ती सुरू करणार नाही. चार छोटी वाक्यं, इंग्रजीत. माझ्याकडे दिली नाहीत, मीही मागितली नाहीत. त्याचा अंगठा पाठवायच्या बटणावर कितीतरी वेळ नुसता धरलेला होता. नोकरी गेली तर मी काय करणार होते? क्लास बंद झालेल्या बाईच्या जोरावर त्याने चूल पेटवायची होती का? मला वाटलं, म्हणावं, थांब, एक काइंडली घाल बाबा. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात त्याने पाठवलं.

कमिटीचे चेअरमन त्या संध्याकाळी स्वतः बी विंगला गेले. सहाव्या मजल्यावरचा सुंभ त्यांनी सोडायला लावला आणि दार स्वतःच्या हाताने ओढलं. नीलेश सांगतो, त्यांनी दार हळूच लावून घेतलं आणि ते जिन्याने खाली उतरले. आठवड्याभरात लिफ्ट कंपनीची माणसं आली, सगळ्या मजल्यांची कुलपं बदलली. नोटीस मात्र कोणी मागे घेतली नाही. ती त्याच्या फाइलला आहे आणि त्याचं काँट्रॅक्ट दरवर्षी नवं होतं. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा त्याची नोकरी असेल की नसेल, मला माहीत नाही. मी रोज विचारते. तो रोज म्हणतो, “आहे मॅडम अजून.”

माझं पथ्य सुटलं. आता कोणी वाक्य पाठवलं की मी आधी फोन करते. काय झालंय? कोणाला लागलंय का? तिथे कोण आहे? लोक वैतागतात. परवा एक जण म्हणाला, “मॅडम, हॅपी बर्थडेचा मेसेज आहे हो, बॉसच्या कुत्र्याचा!” असू दे. हसू दे.

मागच्या महिन्यात हिराबाईने निरोप धाडला, मेथी घेऊन जा. मी गेले. सर्व्हिस लिफ्ट सुरू झालीय, पण ती काही त्यात पाऊल टाकत नाही. मोठ्या लिफ्टने जाते, टोपलीसकट. मेंबर लोक नाकं मुरडतात. मला म्हणाली, “बाय, त्या वाटंत उब्या रातात मोबाइल घेऊन. मना यकच इंग्रजी शिकव. बाजूला व्हा, आसा कसा बोलतान?”

आयुष्यभर ज्याचं उत्तर मी एकाच शब्दाने सुरू केलं, तोच प्रश्न. मला तुपे आठवले, त्यांच्या मिशा, त्यांचं पडलेलं तोंड.

“नुसतं मूव्ह म्हणा,” मी म्हटलं.

“मूव,” ती म्हणाली.

“आणखी जोरात.”

लिफ्ट आली, दार उघडलं. दारातच एक बाई फोनवर बोलत उभी. हिराबाईने चुंबळ सारखी केली, टोपली धरली आणि खणखणीत म्हणाली, “मूव!” ती बाई चटकन कोपऱ्यात सरकली. हिराबाई आत गेली, टोपलीखालून तिने माझ्याकडे बघितलं. “ये ना बाय. भितंस कशाला?”

मी दारात उभी होते. आतला दिवा लख्ख होता, फरशी समोर दिसत होती, दोन माणसं तिच्यावर उभी होती. तरी मी आधी चप्पल पुढे करून ती चाचपली, आणि मगच पाय टाकला.